मार्विन गेचा ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ : गुळगुळीत म्हणणाऱ्यांना उत्तर

रेघोटी

‘कडूकारलं’ यांनी परवा जुन्या तबकड्यांच्या धाग्यावर जाता जाता लिहिलं की अमेरिकी गायक मार्विन गेचा १९७१चा अल्बम ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ म्हणजे हॉटेलच्या लॉबीत वाजवायचं गुळगुळीत संगीत. निषेधाची गाणी त्याच्याआधी इतरांनी जास्त धारदार केली होती, आणि १९७१ची मूळ तबकडी शोधत फिरणारे लोक संगीत नव्हे, पुठ्ठा विकत घेतात. हे दोन ओळींत उरकण्यासारखं नाही, म्हणून वेगळा धागा.

अल्बमचं शीर्षकगीत आलं कुठून ते आधी बघा. फोर टॉप्स या गायकांच्या गटातला ओबी बेन्सन मे १९६९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत होता. पीपल्स पार्कच्या आंदोलकांवर पोलीस तुटून पडले ते त्याने पाहिलं. त्यातून अल क्लीव्हलंडबरोबर त्याने हे गाणं रचायला घेतलं. त्याच्याच गटातल्या मंडळींनी ते नाकारलं, निषेधाचं गाणं नको म्हणून. मग ते मार्विनकडे आलं. त्याच्याबरोबर युगुलगीतं गाणारी टॅमी टेरेल मार्च १९७० मध्ये मेंदूच्या गाठीने गेली होती, अवघी २४ वर्षांची. भाऊ फ्रँकी व्हिएतनामला जाऊन आलेला. त्याच्याकडून ऐकलेल्यातून ‘व्हॉट्स हॅपनिंग ब्रदर’ झालं. युद्धावरून परतलेला माणूस त्यात विचारतो, काम कुठे मिळेल, आपला संघ यंदा जिंकेल का.

मोटाउन या डेट्रॉइटच्या रेकॉर्ड कंपनीचा मालक बेरी गॉर्डी हा मार्विनचा मेहुणा. त्याला हे गाणं बाजारात आणायचंच नव्हतं. मार्विन हटून बसला, हे येत नाही तोवर दुसरं काही रेकॉर्ड करणार नाही म्हणाला. जानेवारी १९७१ मध्ये ते सिंगल म्हणून, म्हणजे सुट्या गाण्याच्या तबकडीवर, आलं आणि पॉप यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढलं. मग गॉर्डीलाच अल्बमची घाई झाली. २१ मेला अल्बम आला. नऊ गाणी, जेमतेम ३५ मिनिटं, आणि पहिल्या बाजूला एका गाण्यातून दुसरं असं निघतं की मध्ये सुई उचलावीशी वाटत नाही.

माझ्या मते त्याचा खरा वारसा इथे आहे. गॉर्डी स्वतः मोटारीच्या कारखान्यात जुळणीच्या पट्ट्यावर काम केलेला माणूस. त्याने गाण्यांची कंपनीही त्याच पद्धतीने चालवली. लिहिणारे वेगळे, निर्माते वेगळे, गायकाने येऊन गायचं आणि जायचं. मार्विनने इथे निर्माता म्हणून स्वतःचं नाव लावलं आणि ती पद्धत आतून मोडली. त्याच वर्षी स्टीव्ही वंडर २१ वर्षांचा झाला आणि नव्या करारात त्याने संगीतावर स्वतःचा ताबा मागून घेतला. त्याचे पुढचे अल्बम हे दार उघडल्याशिवाय आले असते असं मला वाटत नाही.

कडूकारलं

माझं नाव घेऊन धागा काढलात, तर पूर्ण उत्तर देतो.

तारखा तुम्हीच बघा. सॅम कुकचं बदलाचं गाणं १९६४चं. स्लाय स्टोनचा ‘स्टँड!’ १९६९चा. कर्टिस मेफील्डचा पहिला एकट्याचा अल्बम १९७०चा. आणि खुद्द मोटाउनमध्ये निर्माता नॉर्मन व्हिटफील्डने १९७० मध्ये एडविन स्टारकडून ‘वॉर’ गाऊन घेतलं आणि टेम्प्टेशन्स या गटाकडून ‘बॉल ऑफ कन्फ्यूजन’. म्हणजे ‘मालक निषेधाला घाबरत होता आणि मार्विनने कोंडी फोडली’ ही गोष्ट अर्धीच खरी. ‘वॉर’ तर यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं.

दुसरं, आवाजाचं. डेट्रॉइटमध्ये १९६७ साली दंगल झाली, ४३ माणसं मेली. त्याच शहरात चार वर्षांनी केलेल्या अल्बमवर व्हायोलिनांचे थर, घुंगरांसारखी किणकिण, आणि गायक मखमली आवाजात आईला, भावाला हाका मारतोय. मला तो राग ऐकूच येत नाही.

आणि माझा राग कुठून येतो तेही सांगतो. माझ्या वडिलांनी वामनदादा कर्डकांना आमच्या वस्तीत ऐकलंय. कंदिलाच्या उजेडात, मागे ढोलकी आणि एक पेटी, बस्स. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचं नाव घेऊन. तिकडचा जो सूर इकडे पोचला तो मार्विन गेचा नव्हता. या अल्बमला जगातला सर्वश्रेष्ठ म्हणणारे लोक मला सुरक्षित अंतरावरून हळहळणारे वाटतात.

अर्धांतर

रोलिंग स्टोन मासिकाने सर्वोत्तम अल्बमांच्या २००३च्या यादीत सहावा आणि २०२०च्या यादीत पहिला क्रमांक दिला, ते विसरू नका. मधल्या १७ वर्षांत अल्बम तोच होता, मत देणारे बदलले. याद्यांवरून भांडण नको.

तबकडीबद्दल मात्र बोलायलाच हवं, कारण ‘मूळ प्रेसिंग’ (तबकडीची पहिली छपाई) या शब्दाने लोकांना लुटलं जातंय. एलपी, म्हणजे अल्बमची मोठी तबकडी, मिनिटाला ३३⅓ फेरे फिरते. सुई बाहेरच्या कडेला असताना खाच तिच्याखालून सेकंदाला साधारण ५० सेंटिमीटर सरकते, आणि आत लेबलजवळ पोचेपर्यंत तो वेग २१ सेंटिमीटरच्या आसपास येतो. तेवढ्याच कमी जागेत तेवढाच आवाज कोंबायचा, म्हणून प्रत्येक बाजूच्या शेवटच्या गाण्याचे वरचे सूर मार खातात. इथे दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं कोणतं? ‘इनर सिटी ब्लूज’, अख्ख्या अल्बममधलं सगळ्यात शांत आणि सगळ्यात संतापलेलं. बोंगोंची बोटं, दबका बास गिटार, मागून कुजबुज. पन्नास वर्षं बोथट सुईने घासलेल्या तबकडीवर त्याची खरखर होते. मला एका दुकानाने ‘अगदी पहिलं प्रेसिंग’ म्हणून जी प्रत दिली तिच्या लेबलजवळच्या कोऱ्या पट्ट्यावरचा कोरलेला क्रमांक नंतरच्या छपाईचा निघाला. पैसे परत मिळाले नाहीत. चांगलं रीमास्टर (मूळ ध्वनिमुद्रणावरून नव्याने काढलेली प्रत) घ्या आणि सुखाने ऐका.

रेघोटी

कडूकारलं, ‘पहिला निषेध’ असं मी कुठेच म्हटलेलं नाही. व्हिटफील्डची गाणी जबरदस्त आहेत, पण ती व्हिटफील्डची आहेत. टेम्प्टेशन्सना जे दिलं ते त्यांनी गायलं. मार्विनने शेजारपाजारचे, दोस्तमंडळी बोलावली. डेट्रॉइट लायन्सचे फुटबॉलपटू मेल फार आणि लेम बार्नी यांचे आवाज सुरुवातीच्या गप्पांत आहेत. एलाय फॉन्टेन सॅक्सोफोन गरम करायला सहज काहीतरी वाजवत होता, मार्विनने तेच उचलून गाण्याचं तोंड केलं. केन सँड्स या ध्वनिमुद्रकाने तुलनेसाठी मार्विनचे दोन वेगळे टेक एकत्र लावले आणि मार्विनला ते दोन आवाज एकमेकांशी बोलताना आवडले. तिथून त्याची ती दुहेरी गायकी आली, जी आज अर्धं आर अँड बी (रिदम अँड ब्लूज) संगीत वापरतं.

आणि राग ऐकू येत नाही म्हणता, तर ‘फ्लाइन हाय’ परत ऐका. हेरॉइनच्या आहारी गेलेल्या माणसाचं गाणं आहे ते, आणि चाल हवेत तरंगणारी आहे. तो गोडवाच भीतिदायक आहे.

मडगांवकर

मूळ प्रश्नाशी थोडं अवांतर, पण मला या अल्बममधलं सगळ्यात मोलाचं काय वाटतं ते कोणीच लिहिलं नाही. पाकिटाच्या आतल्या बाजूला वादकांची नावं छापली आहेत. मोटाउनच्या अल्बमवर असं पहिल्यांदा झालं. दहा-बारा वर्षं त्या गाण्यांना उचलून धरणारे फंक ब्रदर्स, म्हणजे मोटाउनचे ठरलेले वादक, तोवर बिननावाचे होते. बासवाल्या जेम्स जेमर्सनच्या नावामागे तर ‘अतुलनीय’ असं विशेषण लावलंय.

आमच्या घरात हे वाचताना पोटात कालवतं. माझे बापोलयो, म्हणजे काका, ट्रम्पेट वाजवायचे, मुंबईत सिनेमांच्या ऑर्केस्ट्रात. गोव्याहून गेलेली अशी किती माणसं होती! चर्चच्या पॅरिश शाळेत स्वरलिपी शिकलेली, समोर ठेवलेला कागद बघून लगेच वाजवणारी. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, ज्यांनी प्यारेलालना व्हायोलिन शिकवलं, १९५८ मध्ये स्वतःचा सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. लोकांना ते नाव ठाऊक आहे ते १९७७च्या सिनेमातल्या अंड्यातून निघणाऱ्या पात्रामुळे. सेबॅस्टियन डिसोझांनी किती गाण्यांची स्वररचना सजवली! रेकॉर्डच्या पाकिटावर नाव कुणाचं? संगीतकार, गीतकार, गायक.

सातारी_कान

मडगांवकर, प्रत्येक धाग्यावर तुमचं हेच. शंकर-जयकिशनच्या सिनेमांच्या श्रेयनामावलीत दत्ताराम आणि सेबॅस्टियन यांची नावं आहेत, सहायक म्हणून. आणि मराठीत तर प्रभाकर जोगांचं व्हायोलिन कुणाला ठाऊक नव्हतं? गीतरामायणाच्या काळापासून लोक त्यांना नावानिशी ओळखत. अनिल मोहिलेंचंही तेच. ‘सगळ्यांवर अन्याय झाला’ हे सरसकट विधान मला मान्य नाही. चाल ज्याची गाणं त्याचं.

मडगांवकर

‘सहायक’! अंतर्‍यामधला व्हायोलिनचा अख्खा तुकडा ज्याने लिहिला, चाळीस माणसांच्या हातात ज्याने कागद दिले, तो सहायक? आणि जोग, मोहिले ही दोन नावं तुम्ही घेतलीत कारण तेवढीच आठवली. त्यांच्या मागे बसलेल्या दहा व्हायोलिनवाल्यांपैकी एकाचं नाव सांगा. माझ्या बापोलयोंना पाळीचे पैसे मिळायचे, गाणं गाजलं काय, पडलं काय. ते गेले तेव्हा त्यांनी वाजवलेल्या गाण्यांची यादी करायची म्हटलं तर कागदाचा एक चिटोरा नव्हता कुठे. कॉपीराइट कायद्याच्या २०१२च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीचा हक्क दिला, चांगलंच झालं. ट्रम्पेटवाल्याचं काय? ‘चाल ज्याची गाणं त्याचं’ हे ज्याने कधी वाजवलं नाही तोच म्हणू शकतो.

सातारी_कान

मी वीस वर्षांपेक्षा जास्त तबला वाजवतोय, भजनी मंडळांपासून लग्नाच्या स्टेजपर्यंत. माझंही नाव कुठे नाही आणि मला त्याचं दुःख नाही. वैयक्तिक होऊ नका.

मिशिगनकर

दोघंही जरा दमाने घ्या. मी डेट्रॉइटजवळ राहतो, म्हणून जेमर्सनची उरलेली गोष्ट सांगतो.

वेस्ट ग्रँड बुलव्हार्डवर २६४८ क्रमांकाचं साधं दुमजली घर आहे, तेच हिट्सव्हिल, मोटाउनचा जुना स्टुडिओ. आता संग्रहालय आहे. स्टुडिओ ए बघितलात तर विश्वास बसत नाही, आपल्याकडच्या हॉलएवढा. वादक त्याला सापांचा खड्डा म्हणायचे, जमिनीवर वायरींचा इतका गुंता असे. पाहुण्यांना छताला पाडलेल्या भोकाखाली टाळी वाजवायला लावतात, वरच्या पोटमाळ्यातून प्रतिध्वनी येतो.

शीर्षकगीताच्या रात्री मार्विन जेमर्सनला शोधत क्लबांतून फिरला असं सांगतात. सापडला तेव्हा तो इतका प्यायलेला की स्टुलावर बसवेना. जमिनीवर पाठ टेकून त्याने वाजवलं, एकाच बोटाने, नेहमीसारखं. आणि घरी जाऊन बायकोला म्हणाला, आज एका अजोड कामात वाजवून आलो.

त्या व्हायोलिनांबद्दल, कडूकारलं यांच्यासाठी: ते वाजवणारे डेट्रॉइट सिंफनीचे लोक होते आणि मांडणी डेव्हिड व्हॅन डेपिटची. त्याचंही नाव पाकिटावर आहे.

पण नाव छापून काय झालं? १९७२ मध्ये मोटाउनने बस्तान लॉस एंजेलिसला हलवलं आणि फंक ब्रदर्स मागे राहिले. १९८३ मध्ये कंपनीच्या पंचविशीचा मोठा सोहळा झाला, टीव्हीवर गाजला. जेमर्सन तिकीट काढून प्रेक्षकांत बसला होता. त्याच ऑगस्टमध्ये तो गेला. म्हणून मडगांवकर, नाव छापणं ही सुरुवात आहे, न्याय नाही.

मडगांवकर

हे तिकिटाचं माहीत नव्हतं. आज यापुढे लिहवत नाही.

सातारी_कान

बरं. एवढं मान्य करतो की ‘सहायक’ हा शब्द अपुरा आहे. चालीवरचा हक्क चाल करणाऱ्याचा, हे मात्र सोडणार नाही. जेमर्सनने मार्विनची चाल केली नाही, तिच्या खाली उभं राहायला जमीन दिली.

मिशिगनकर

मग बास काढून ऐका. त्यातला बास चालीइतकाच गातो. आणि सगळा बास जेमर्सनचा नाही, ‘मर्सी मर्सी मी’ आणि ‘इनर सिटी ब्लूज’वर बॉब बॅबिट आहे, आणि त्याचंही नाव पाकिटावर आहे.

अर्धांतर

पाकिटाचा मुद्दा इथे मला पटतो, नाइलाजाने. फोनवर ऐकताना वादकांची नावं कुठे दिसतात? पुठ्ठा विकत घेतात म्हणून ज्यांना हिणवलं त्या लोकांमुळेच ही नावं शाबूत राहिली. तरी पहिल्या प्रेसिंगसाठी दहापट पैसे देऊ नका. नव्या प्रतीतही पाकीट उघडतं.

कडूकारलं

पूर्ण धागा वाचला. ‘इनर सिटी ब्लूज’ हेडफोन लावून परत ऐकलं. त्यात राग आहे, ठीक आहे. कर, महागाई, पोलीस, चंद्रावर उधळलेला पैसा, सगळं दबक्या आवाजात. एवढं एक गाणं देतो तुम्हाला.

पण तुम्ही सगळ्यांनी मिळून विषय वादकांवर नेला आणि माझा प्रश्न तसाच राहिला. ज्यांच्यावर अन्याय होतोय त्यांच्याकडे हे गाणं काय मागतं? भाऊ, आई, बाप, सगळ्यांनी प्रेम करा. दुसऱ्या बाजूला ‘होली होली’मध्ये तेच. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये स्लायने या शीर्षकाला अल्बमच्या नावातूनच उत्तर दिलं, दंगल चालू आहे म्हणून. मला ते उत्तर आजही जास्त खरं वाटतं.

रेघोटी

स्लायचं उत्तर खरं आहेच. पण उत्तर द्यावंसं वाटलं ते प्रश्न तेवढ्या मोठ्याने विचारला गेला म्हणून. आणि प्रेमाबद्दल: ज्याचा भाऊ युद्धावर आणि शहर जळून गेलेलं, त्याने ‘बापा, आता आणखी भडकवू नकोस’ म्हणणं मला सुरक्षित अंतरावरचं वाटत नाही. मार्विनच्या घरात बाप ही काही अलंकारिक गोष्ट नव्हती. १ एप्रिल १९८४ला त्याच बापाच्या गोळीने तो मेला.

‘होली होली’ तुम्हाला कंटाळवाणं वाटतं ते वाटू द्या, मी ते कधीच सोडून पुढे जात नाही. वामनदादांबद्दल मात्र वेगळा धागा काढा. वडिलांकडून ऐकलंय ते सगळं लिहा, साथीला कोण होतं त्यांच्या नावांसकट. ढोलकी कोण वाजवायचं हे अजून सांगू शकणारी माणसं असतील तर आत्ताच विचारून घ्या.

कडूकारलं

वडिलांना विचारलं. पेटीवाल्याचं नाव आठवतंय, ढोलकीवाल्याचं नाही. गावाकडच्या काकांना फोन करून मग काढतो धागा.