फलंदाजीसाठी मनगटाचे आणि पकडीचे व्यायाम: नेमके कोणते आणि किती?

सलामीचा_फलंदाज

नमस्कार. मी उजव्या हाताने फलंदाजी करतो आणि सलामीला येतो. पहिली काही षटके बॅट हातात अगदी हलकी वाटते. परंतु डाव तासाभराच्या पुढे गेला की डाव्या, म्हणजे वरच्या हाताचा कोपराखालचा भाग भरून येतो, चेंडू बॅटच्या मध्यभागी लागला नाही तर बॅट मुठीत वळते आणि जमिनीलगत जायला हवा तो ड्राइव्ह हवेत उडतो. मी बरेच दिवस स्पंजचा चेंडू दाबण्याचा व्यायाम नियमितपणे करत आहे, तरी मैदानावर त्याचा काहीही फरक जाणवत नाही. मनगट आणि पकड यांच्यासाठी नेमके कोणते व्यायाम करावेत, ते नेटच्या सरावाआधी करावेत की नंतर, आणि जड बॅटने शॅडो प्रॅक्टिस (चेंडूशिवाय फटक्यांचा सराव) केल्यास उपयोग होईल का, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

नेट_मार्गदर्शक

आपण जे वर्णन केले आहे त्यावरून ताकदीइतकाच प्रश्न दमाचा, म्हणजे ताकद टिकवून धरण्याचा, दिसतो. गोलंदाज धावत येत असतानाच अनेक फलंदाज दांडा आवळून धरतात आणि दोन चेंडूंच्या मध्येही मूठ सैल करत नाहीत. स्नायू सतत आकुंचित राहिले की त्यांतला रक्तपुरवठा मंदावतो आणि हात भरून येतो. वरचा हात थकला की खालचा हात आपोआप ताबा घेतो, बॅटचा चेहरा, म्हणजे पुढची सपाट बाजू, लवकर उघडतो किंवा बंद होतो, आणि आपला ड्राइव्ह हवेत जाण्याचे कारण बहुधा हेच असावे. त्यामुळे प्रत्येक चेंडूनंतर वरचा हात दांड्यावरून काढून बोटे पूर्ण उघडण्याची सवय आधी लावून घ्या.

व्यायामांत मी सर्वांत वर ठेवीन तो हातोडीचा व्यायाम. बसून कोपर मांडीवर टेकवा, साधी हातोडी दांड्याच्या अगदी टोकाला धरा आणि तिचे डोके वर असू द्या. आता तळहात आकाशाकडे येईपर्यंत हातोडी सावकाश बाहेर झुकवा, क्षणभर थांबा, परत उभी करा, आणि तशीच आत झुकवून तळहात जमिनीकडे न्या. मध्यभागी न लागलेला चेंडू बॅटला ज्या दिशेने पिळतो, त्याच दिशेच्या ताकदीला हा व्यायाम तयार करतो, आणि ते काम स्पंजचा चेंडू कधीच करू शकत नाही. हातोडी जड वाटली तर मूठ थोडी वर सरकवा. तेवढ्यानेही भार बराच कमी होतो. बारा ते पंधरा आवर्तनांचे दोन-तीन संच, आठवड्यातून दोन किंवा तीन वेळा, एवढे पुरेसे आहे.

याच्या जोडीला दोन्ही हातांत डंबेल घेऊन ताठ चालणे आणि आडव्या दांड्याला लोंबकळणे हे दोन व्यायाम ठेवा. दोन्हींत पकड दीर्घकाळ धरून ठेवावी लागते आणि आपल्याला नेमके तेच हवे आहे. मात्र हे सर्व नेटच्या सरावानंतर करा. थकलेल्या बोटांनी फटक्यांचा सराव केला तर शरीर चुकीची हालचाल घोटून घेते.

जड बॅटने फटके मारण्याचा सल्ला मी देणार नाही. बॅट जड झाली की तिची गती आणि चालवण्याची वेळ दोन्ही बदलतात, आणि खालच्या हाताची ढवळाढवळ आणखी वाढते. त्याऐवजी हलकी बॅट घेऊन केवळ वरच्या हाताने ड्राइव्ह करा: समोरून कोणीतरी चेंडू हळूच टप्पा देऊन टाकावा, कोपर उंच राहावे आणि फटक्यानंतर बॅटचा चेहरा चेंडू गेला त्याच दिशेला दिसावा.

शरीरविज्ञान_वाचक

वरील उत्तराशी मी बहुतांशी सहमत आहे. फक्त मनगटामागच्या स्नायूंचा उल्लेख राहून गेला, आणि माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. आपण मूठ आवळतो तेव्हा बोटे मिटवणारे स्नायू मनगटालाही आतल्या बाजूला ओढतात. त्याला रोखून मनगट किंचित मागे वाकलेले ठेवण्याचे काम हाताच्या मागच्या बाजूचे स्नायू करतात, आणि पकड सर्वांत भक्कम असते ती याच स्थितीत. स्पंजचा चेंडू दाबताना मुख्यतः मिटवणारे स्नायूच वाढतात आणि मागचे दुर्बळ राहतात. म्हणून पाचही बोटांभोवती रबर बँड अडकवून ती सावकाश फाकवणे, आणि हात मांडीवर पालथा ठेवून हलक्या डंबेलसह मनगट वर उचलणे, हे दोन व्यायाम अवश्य करावेत.

आणखी एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. चेंडू बॅटच्या संपर्कात साधारण एक मिलिसेकंद असतो. एवढ्या अल्प काळात हातांनी दांडा अधिक आवळल्याने मध्यभागी लागलेल्या चेंडूचा वेग फारसा वाढत नाही. पकडीचे खरे काम त्याआधीचे आहे: बॅट योग्य रेषेत आणणे आणि तिचा चेहरा स्थिर ठेवणे. खालचा हात अंगठा आणि पहिली दोन बोटे यांत हलका, तर वरचा हात शेवटच्या तीन बोटांनी घट्ट, ही जुनी शिकवण त्यामुळेच टिकून आहे. 2007 च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियाच्या अ‍ॅडम गिलख्रिस्टने 104 चेंडूंत 149 धावा केल्या, तेव्हा त्याने ग्लोव्हमध्ये स्क्वॉशचा चेंडू ठेवला होता. पकड कशी बसते याकडे इतक्या वरच्या पातळीचा खेळाडूही किती बारकाईने पाहतो, हे त्यातून दिसते.

सलामीचा_फलंदाज

दोघांचेही मनःपूर्वक आभार. एक गोष्ट सांगायची राहिली: सामना झाल्यावर दुसऱ्या दिवशी डाव्या कोपराच्या बाहेरील हाडापाशी दुखते आणि पाण्याचा भरलेला तांब्या उचलतानाही कळ येते. अशा स्थितीत हे व्यायाम सुरू करावेत का?

शरीरविज्ञान_वाचक

मनगट मागे वाकवणारे स्नायू नेमके त्याच हाडापाशी जोडलेले असतात, त्यामुळे हे टेनिस एल्बो असण्याची शक्यता आहे, परंतु निदान तपासणीनंतरच करता येईल. सचिन तेंडुलकरला याच दुखण्यापायी 2004 मध्ये बरेच सामने सोडावे लागले आणि 2005 मध्ये शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली. तेव्हा याकडे दुर्लक्ष करू नका. स्नायूंची ताकद लवकर वाढते, पण स्नायूबंधांना, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या पट्ट्यांना, भार सोसायला शिकण्यास कितीतरी अधिक काळ लागतो.

तूर्त लोंबकळणे आणि हातोडी दोन्ही बाजूला ठेवा. फिजिओथेरपिस्टला दाखवा आणि त्यांनी अनुमती दिल्यावर मनगट न हलवता हलके वजन धरून ठेवण्यापासून सुरुवात करा. व्यायामानंतरचे दुखणे दुसऱ्या सकाळपर्यंत वाढलेले आढळले तर भार जास्त झाला असे समजावे. बोटांना मुंग्या येत असतील किंवा वस्तू हातातून निसटत असतील तर विनाविलंब डॉक्टरांकडे जावे.

नेट_मार्गदर्शक

कोपर दुखत असल्यास आपली बॅटही तपासून घ्या. वरच्या हाताने दांड्याचे टोक धरून बॅट खांद्याच्या उंचीवर आडवी समोर धरा. काही सेकंदांतच ती खाली झुकू लागली तर आपल्या हाताला ती जड आहे. ही चाचणी आता करू नका, दुखणे शमल्यावर करा. दांड्यावरचे रबर गुळगुळीत झाले असेल तर तेही बदला, कारण निसटत्या दांड्याला धरून ठेवण्यासाठी बोटे नकळत दुप्पट आवळली जातात. घामाने भिजलेल्या ग्लोव्हजचेही तेच आहे. पाणीपानाच्या वेळी कोरडी जोडी मागवून घेत चला.