बेरे (गणवेशाची गोल टोपी) डोक्यावर ताटलीसारखी बसते, पँट चकाकायला लागली आणि इन्स्पेक्शन ९ दिवसांवर!

नवी_कॅडेट
नमस्कार. मी १४ वर्षांची आहे, गेल्या महिन्यात कॅडेट झाले. गणवेश मिळाला त्या रात्री तो उशाशी ठेवून झोपले होते. पहिलं इन्स्पेक्शन, म्हणजे गणवेशाची तपासणी, ९ दिवसांवर आलंय आणि माझ्या हातून बरंच बिघडलंय.

पँटला कडक इस्त्री हवी म्हणून इस्त्री पूर्ण गरम करून थेट फिरवली. आता गुडघ्यावर चकचकीत पट्टा दिसतो, शिवाय उजव्या पायावर शेजारी शेजारी दोन घड्या पडल्यात. बेरे डोक्यावर सपाट, ताटलीसारखी बसते. सीनियर म्हणाले, भिजवून बसव. गरम पाण्यात भिजवायची की थंड? आणि कॅप बॅज (टोपीवरचं धातूचं चिन्ह) पितळेच्या पॉलिशने घासला, तर चमकायच्या ऐवजी कडेचा सोनेरी रंगच निघाला. बुटांना अजून हात लावलेला नाही, भीती वाटते. आईला विचारलं, पण हे सगळं तिलाही नवीन आहे. कुणी सांगाल का?

जुना_फॉलइन
आधी एक काम कर. बेरेला गरम पाणी लावलं नसशील तर लावू नकोस. बेरे लोकरीची असते. लोकरीच्या तंतूंवर बारीक खवले असतात. गरम पाणी आणि चोळणं एकत्र आलं की ते एकमेकांत अडकतात आणि टोपी आटते. आटलेली बेरे पुन्हा पूर्ववत होत नाही.

मी ६ वर्षं कॅडेट होतो आणि शेवटची २ वर्षं नव्या मुलांचा टर्नआउट, म्हणजे गणवेशाचा नीटनेटकेपणा, बघायचं काम माझ्याकडे होतं. तेव्हा जे बिघडलेले गणवेश पाहिले, त्यातले बहुतेक मळाने नव्हे तर उष्णतेने बिघडलेले होते. तुझी पँट त्यातलीच.

बेरे अशी बसव: थंड किंवा जेमतेम कोमट पाण्यात बुडव, दोन तळहातांमध्ये दाबून पाणी काढ. पिळायची नाही. मग आरशासमोर घाल. चामड्याची पट्टी कपाळावर आडवी, सरळ, भुवयांच्या साधारण एक इंच वर. बॅजची जागा डाव्या डोळ्याच्या वर. उरलेलं कापड उजव्या कानाकडे ओढ आणि तळहाताने खाली दाबत राहा, बॅजमागचा भाग मात्र उभा राहू दे. (फ्रेंच सैन्यात बहुतेक दलं ती उलट, डावीकडे ओढतात. तुझ्या युनिटची पद्धत एकदा विचारून घे.) अर्धा तास तशीच डोक्यावर ठेव, अधूनमधून दाब. नंतर काढून तोच आकार धरून सावलीत वाळव. एका वेळेत जमत नाही. माझी तिसऱ्या भिजवणीला बसली होती. तुझ्याकडे ९ दिवस आहेत, म्हणजे भरपूर. मागची नाडी डोक्याच्या मापाला ओढून गाठ मार आणि टोकं आत खोच. इन्स्पेक्शनला लोंबणारी नाडी सगळ्यात आधी दिसते.

आता पँट. आतलं लेबल बघ. इस्त्रीच्या चित्रात एक ठिपका म्हणजे साधारण ११० अंश, दोन म्हणजे १५०, तीन म्हणजे २००. गणवेशाच्या पँटमध्ये बहुधा पॉलिएस्टर असतं, त्याला पूर्ण गरम इस्त्री सोसत नाही. चकाकी दोन कारणांनी येते: तंतू नुसते दबलेले असतात किंवा वितळलेले असतात. दबलेले असतील तर ओलसर सुती कापड वर ठेवून वाफ दे, इस्त्री टेकवू नकोस, आणि लगेच मऊ ब्रशने कापड उचलल्यासारखं झाड. दोन-तीनदा केल्यावर फरक दिसला तर सुटलीस. काहीच फरक पडला नाही तर तंतू वितळलेत, ते परत येणार नाहीत. तसं असेल तर युनिटच्या स्टोअरमध्ये जाऊन खरं सांग. लपवू नकोस.

दुसरी घडी घालवायला पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं घे, कापड त्यात भिजवून त्या रेषेवर दाब, मग वर सुती कापड टाकून इस्त्री कर. आधी आतल्या शिवणीवर करून बघ, रंग जात नाही ना. नवी घडी घालताना पायाची आतली आणि बाहेरची शिवण एकमेकींवर बरोबर बसव, तरच घडी मधोमध येते. घडीच्या आतल्या बाजूने कोरड्या साबणाची वडी एकदा फिरव, मग कापड उलटवून इस्त्री. रेष आठवडाभर टिकते. इस्त्री झाल्या झाल्या पँट उचलायची नाही, पूर्ण गार होऊ दे. घडी गार होतानाच पक्की होते, आणि घाईत नेमकं हेच राहून जातं.

बॅज: घासणं आजच थांबव. तो बहुधा पितळेचा नाही, सोनेरी मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमचा आहे, हल्ली बरेच बॅज तसेच असतात. त्यांना पॉलिश चालत नाही. साबणाचं पाणी आणि मऊ फडकं पुरे. निघालेला रंग परत येत नाही, नवा मागून घे.

सुईदोरा
वरच्यांचं सगळं पटलं. माझ्या दोन्ही मुलांचे गणवेश मीच शिवते-उसवते, म्हणून दोन गोष्टी सांगते. पँट लांब असेल तर कापू नकोस गं, आत दुमडून टाके घाल. तुझं वय वाढीचं आहे, सहा महिन्यांनी उसवायची वेळ येते. बाहीवरचा बॅज शिवताना आधी शर्ट अंगात घालून टाचणीने जागा धर, टेबलावर मोजून लावलेला बॅज अंगावर तिरका दिसतो.

आणि धुताना: उलटा करून, थंड पाण्यात, सावलीत वाळव. कपडे उजळ करणारी पावडर घेऊ नकोस. त्यातला उजळपणा देणारा पदार्थ खाकी आणि हिरव्या रंगावर बसतो आणि बाकीच्या रांगेत तुझा शर्ट वेगळा दिसतो.

नवी_कॅडेट
खूप खूप आभार. लेबलवर दोन ठिपके आहेत, मी तीनवर फिरवली होती. वाफ दिल्यावर चकाकी बरीच कमी झाली! बेरे आत्ता डोक्यावरच आहे, ओली. दादा, बुटांचं सांगाल का?

जुना_फॉलइन
चकाकी कमी झाली हे वाचून बरं वाटलं.

बुटांना घाबरू नकोस. आधी लेस काढ, ब्रशने धूळ झाड, ओलसर फडक्याने पूस, वाळू दे. पॉलिशचा अगदी पातळ थर लाव, दहा मिनिटं थांब, ब्रश मार. आरशासारखी चमक फक्त टाचेला आणि पुढच्या टोकाला आणायची. बोटं वाकतात तिथे जाड थर दिलास तर पहिल्याच मार्चला तडकतो. टोकासाठी सुती कापड दोन बोटांना घट्ट गुंडाळ, किंचित पॉलिश, एक थेंब पाणी, लहान लहान गोल. धूसर दिसेल, थांबू नकोस. रोज वीस मिनिटं दिलीस तर आठवड्यात चमक दिसेल, एका रात्रीत नाही.

पॉलिश वितळवायला ज्योत दाखवणारे सीनियर भेटतील. ते करू नकोस, पॉलिशमध्ये पेट घेणारा द्रव असतो. माझं सांगतो: पहिल्या वर्षी बूट पावसात भिजले, मी ते रात्रभर हीटरसमोर ठेवले. सकाळी डाव्या बुटावर आडवी भेग होती. दोन वर्षं तेच बूट घातले आणि प्रत्येक इन्स्पेक्शनला त्या भेगेत पॉलिश भरत राहिलो. बूट भिजलेच तर आत वर्तमानपत्राचे बोळे कोंब आणि सावलीत ठेव, बोळे ओले झाले की बदल.

बेरे वाळली की कशी बसली ते कळव.