अनुभव धागा: ‘बाई, झालं!’ म्हणणाऱ्या मुलांसाठी तुम्ही वर्गात काय केलंत?

पहिली ते पाचवीच्या वर्गात एखादं तरी मूल असं असतं, की फळ्यावरचं उदाहरण अर्धं लिहून होतंय तोवर त्याचं ‘बाई, झालं!’ येतं. शिष्यवृत्ती आणि नवोदयची तयारी हा विषय इथे नको, त्यावर पुष्कळ लिहून झालंय. शाळेच्या वेळात, त्याच वर्गात, अशा मुलासाठी तुम्ही काय केलंत आणि काय फसलं, ते लिहा. शिक्षक, पालक आणि लहानपणी स्वतःच असं मूल असलेले, सगळेच. सुरुवात मी करते.

शिक्षिका, नाशिक जिल्हा

आमची शाळा द्विशिक्षकी, तिसरी-चौथी माझ्याकडे एकत्र. दोन वर्षांपूर्वी चौथीत एक मुलगी होती. दहा वजाबाक्या दिल्या, की पाच मिनिटांत वही पुढे. मी आणखी दहा द्यायचे. महिनाभरात ती सगळ्यांच्या बरोबरीने वही आणू लागली. घाई कमी झाली म्हणून मला बरं वाटलं. मग एकदा तिचं कच्च्या कामाचं पान पाहिलं. उत्तरं कधीच काढून झाली होती, ती फक्त सावकाश उतरवत बसायची. लवकर संपवल्याची शिक्षा मीच तिला देत होते. आठवलं की आजही वाईट वाटतं.

मग तिला कापरेकरांचं गणित दिलं. द. रा. कापरेकर आमच्याच जिल्ह्यात, देवळालीला शाळामास्तर होते. १९४९ मध्ये त्यांनी हे मांडलं. चार अंकी संख्या घ्यायची, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडायचे, मग चढत्या, आणि मोठीतून लहान वजा करायची. उत्तराचं पुन्हा तेच. ३५२४ घेतलं तर ५४३२ − २३४५ = ३०८७, मग ८७३० − ०३७८ = ८३५२, मग ८५३२ − २३५८ = ६१७४. पुढे कितीही वेळा करा, ६१७४ हलत नाही. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तिथे पोचतोच. वजाबाकी तीच, हातचे तेच, पण आता तिला ‘पुरे, सुट्टी झाली’ म्हणावं लागायचं.

२१११ ला ती अडली. उत्तर ०९९९ आलं, तिने पुढचं शून्य सोडलं आणि सगळंच शून्यावर आलं. मी दोन दिवस काही बोलले नाही. तिसऱ्या दिवशी तीच म्हणाली, “बाई, शून्याची जागा राखली तर येतंय.” स्थानिक किंमत मी याहून चांगली शिकवू शकले नसते.

तीन अंकांचं तिने आपणहून करून पाहिलं, ते ४९५ वर थांबलं. दोन अंकांचं थांबेचना: ०९, ८१, ६३, २७, ४५ आणि परत ०९. वहीत गोल काढून भोवती हे पाच आकडे लिहिले आणि विचारलं, सगळे नवाच्या पाढ्यातलेच का? मी पहिलीच्या काड्यांची पेटी दिली. ७२ म्हणजे सात गठ्ठे, दोन काड्या; २७ म्हणजे दोन गठ्ठे, सात काड्या. बऱ्याच वेळाने म्हणाली, “पाच गठ्ठ्यांच्या पाच काड्या झाल्या. एका गठ्ठ्याची एक काडी झाली की नऊ जातात.” मी फक्त काड्या दिल्या होत्या.

पालक, ठाणे

ताई, बाकीचा वर्ग तोवर काय करत होता?

शिक्षिका, नाशिक जिल्हा

नेहमीचा स्वाध्याय. नंतर ६१७४ भिंतीवर लावलं, तेव्हा सगळी आपापलं जन्मसाल घेऊन बसली. २०१४ ला पुरत्या सात पायऱ्या लागतात, त्यामुळे त्या सालची मुलं खूश!

पालक, ठाणे

माझा मुलगा तिसरीत असताना त्याचं झालं की इतरांच्या वह्या तपासायला बसवायचे. महिनाभराने त्याने घरी विचारलं, “आई, मला कधी शिकवणार?” बाईंशी बोलले. वर्गात पन्नासवर मुलं, त्यांचीही ओढाताण मला दिसत होती. ठरलं असं, की धडा सुरू होण्याआधीच त्यातली शेवटची पाच अवघड गणितं त्याने सोडवायची. आली तर त्या धड्याच्या सरावातून सुटका. त्या वेळात त्याने पावलं मोजून, चौकटीच्या कागदावर शाळेचा नकाशा काढला. गुण कुणी दिले नाहीत, त्याने मागितलेही नाहीत.

शिक्षक, पुणे जिल्हा

मी सुरुवातीलाच चुकलो. सावलीच्या उपक्रमासाठी पहिल्या पाच नंबरांची मुलं निवडली. जानेवारीत मैदानात काठी ओळंब्याने सरळ रोवली, दर सोमवारी बाराला सावली मोजायची. चाचणीत जेमतेम गुण मिळवणारा एक मुलगा लांबून बघत असायचा. एक दिवस म्हणाला, “सर, बाराला सावली सगळ्यात आखूड नसते. बाबा भाकरी खायला थांबतात तेव्हा असते.”

दर पाच मिनिटांनी मोजलं. पाऊण वाजून गेला तेव्हा सर्वांत आखूड! आपलं घड्याळ ८२.५ अंश रेखांशाच्या वेळेचं, आपण त्याच्या पश्चिमेला ७४ च्या आसपास, आणि दर अंशाला सूर्य चार मिनिटं उशिरा डोक्यावर येतो. म्हणजे चौतीस मिनिटं जुळली. उरलेली दहा-बारा कुठून आली, हे त्यानेच विचारलं. पृथ्वीचा कललेला अक्ष आणि लंबवर्तुळाकार कक्षा यांमुळे ती वेळ वर्षभर मागेपुढे होते, हे मला घरी जाऊन वाचावं लागलं. तेव्हापासून निवड बंद, ज्याला यायचं त्याने यावं. आमच्याकडे शून्य सावली, म्हणजे सूर्य बरोबर डोक्यावर येऊन काठीची सावली नाहीशी होण्याचा दिवस, मेच्या मध्यावर, ऐन सुट्टीत येते. जुलैअखेरीस पुन्हा येते, पण तेव्हा ढग. तरीही मेमध्ये अकरा मुलं मैदानात हजर होती.

पालक, नागपूरहून पुण्यात आलेली

भाषेतही करता येतं. माझी मुलगी कोथिंबिरीला ‘सांभार’ आणि बटाट्याला ‘आलू’ म्हणाली, वर्ग हसला. बाईंनी तिलाच वर्गाचा शब्दसंग्रह करायला दिला: प्रत्येकाने आपल्या आजीचे शब्द आणायचे.

एके काळची ‘हुशार मुलगी’, सातारा

‘हुशार’ म्हणवून घेता घेता मी चुकायला इतकी घाबरू लागले, की न येणारं काही हातातच घेत नसे. पाचवीत गुरुजींनी सांगितलं: दोनापेक्षा मोठी कोणतीही सम संख्या दोन मूळ संख्यांच्या बेरजेत मांडून दाखव. आणि हेही सांगितलं, की हे नेहमीच जमतं का, याची सिद्धता १७४२ पासून कुणालाच सापडलेली नाही. गुरुजींनाही येत नव्हतं, आणि तरी ते रोज माझी वही बघायला यायचे. चुकण्याची भीती तिथे पहिल्यांदा गेली. ती वही अजून माझ्याकडे आहे. २४६ = ५ + २४१ पाशी थांबली आहे, कारण तिथे पाचवीचं वर्ष संपलं.