ड्रॅगन दहा दिवस झाले झोपूनच आहे, उठवू का नको?

वडगावकर:
नमस्कार मंडळी, आमचा गुंड्या म्हणजे बिअर्डेड ड्रॅगन जातीचा पाळीव सरडा, वय दोन वर्षं, दिवाळी झाल्यापासून खाणं कमी कमी करत आला आणि आता दहा दिवस झाले लाकडाखाली तोंड घालून पडलाय, हात लावला की एक डोळा किलकिला करतो आणि परत गप. ब्रुमेशन, म्हणजे सरड्यांची थंडीतली लांब झोप, म्हणून वाचलं, पण हे ऑस्ट्रेलियातलं जनावर, तिकडं थंडी जून ते ऑगस्ट, मग ह्याला डिसेंबरात कशी काय झोप आली? आईचं रोज एकच, सरडा मेलाय रे, टाकून ये. कालपासून सिरिंजनं भोपळ्याचा रस पाजालोय, बरोबर करालोय काय? रात्री १४-१५ डिग्रीपर्यंत उतरालंय इथं.

निपाणीचा आण्णा:
पहिला ती सिरिंज ठेव बाजूला. सरड्याला पचवायला बाहेरची गरमी लागते, बास्किंगच्या, म्हणजे दिव्याखाली अंग शेकायच्या जागी ३८ ते ४२ डिग्री. हा गार कोपऱ्यात पडलाय, पोटातला भोपळा पचणार कुठनं, कुजत बसणार. आणि ऑस्ट्रेलियाचं कॅलेंडर घेऊन जन्मत नाहीत ओ ती, इथं दिवस लहान झाला, गारवा आला की त्याला तेवढं पुरतंय. आमची मादी दरसाल संक्रांत झोपेतच काढती, मधनं एखाद्या दिवशी उठून पाणी पिती आणि परत आत.
वजन केलंस काय? सगळं त्याच्यावर आहे बघ. किचनचा काटा नसेल तर सोनाराकडं जा, हसतात जरा पण करून देतात, मी स्वतः गेलोय. आठवड्यातनं एकदा कर. चांगल्या झोपेत वजन फार हलत नाही, दहा टक्क्यांच्या आसपास उतरलं, डोळे खोल गेले, नाकातनं चिकट पाणी आलं तर ती झोप नव्हे. रात्री लाल बल्ब बिल्ब लावू नको, त्याची राहायची टाकी खिडकीजवळनं तेवढी आत घे.

खानापूरची आक्का:
आण्णांचं बरोबर आहे, पण मी असंच झोपलाय झोपलाय म्हणत तीन आठवडे बसले आणि शी तपासली तर जंत निघाले. आमचा आठ महिन्यांचा होता, वर्षाच्या आतलं पिल्लू असं पडलं तर वाट बघूच नका. आमच्याकडचे डॉक्टर गाई-म्हशींचे, म्हणाले सरडा आम्ही शिकलो नाही, पण मायक्रोस्कोपखाली बघायला काय जातंय, बघितलं की त्यांनी.

वडगावकर:
सोनाराकडनं आत्ताच आलो. ४१२ ग्रॅम. ऑक्टोबरात ४१८ होता. पण आता पोटात गेलेल्या भोपळ्याचं काय करू?

निपाणीचा आण्णा:
सहा ग्रॅम काय नव्हे रे, निवांत रहा. भोपळ्यासाठी दोन-तीन दिवस लाईट आणि यूव्हीबी (उन्हासारख्या अतिनील किरणांचा दिवा) नेहमीसारखं चालू कर, कोमट पाण्यात त्याच्या पुढच्या पायांच्या कोपरापर्यंत बुडेल एवढंच बसव, समोरनं हलू नको, बुडतात ती. शी झाली की लाईटचे तास परत कमी करत आण आणि झोपू दे. किती पाजलास पण?

वडगावकर:
तीन एमएल, त्यातला निम्मा माझ्या शर्टावर. सकाळपासून करंट नाही, आला की दिवा लावतो.