घरच्या गाडीसाठी पाने (स्पॅनर): भरलेली पेटी घ्यावी की एकेक नग निवडून?

(ऑनलाइन चर्चा; प्रत्येक मजकुरावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

चौथा गिअर

या महिन्यात ओळखीतल्या दोघांनी मला एकच प्रश्न विचारला: घरच्या घरी गाडीची किरकोळ कामं करायची आहेत, कुठला टूल सेट घेऊ? मी म्हटलं, सेट घेऊच नका. दोघांनाही ते पटलं नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

शंभर-सव्वाशे नगांची पेटी उघडून कधी मोजून बघा. त्यात ढिगाने स्क्रू ड्रायव्हरची बिटं असतात. उरलेल्यात बऱ्याचदा इंची मापाच्या गोट्या (सॉकेट, म्हणजे बोल्टच्या डोक्यावर बसणाऱ्या टोप्या) असतात, ज्या मिलिमीटरच्या बोल्टांवर नुसत्या बिनकामाच्याच नाहीत तर धोक्याच्याही असतात. ९/१६ इंचाची गोटी म्हणजे १४.२९ मिमी. १४ च्या बोल्टवर ती सहज बसते, बरोबर बसल्यासारखी वाटते आणि जोर लावला की कोपरे खाते.

तेल आणि फिल्टर बदलणं, बॅटरी, प्लग, ब्रेक पॅड, चाक काढणं, एवढ्या कामांना ३/८ इंच ड्राइव्हचा (म्हणजे गोटी बसते त्या चौकोनी टोकाच्या मापाचा) एक चांगला रॅचेट (एकाच दिशेने पकड घेणारा दांडा), ८ ते १९ मिमीच्या सहाकोनी गोट्या, दोन एक्स्टेन्शन, त्याच मापांचे कॉम्बिनेशन पाने (एक टोक उघडं, दुसरं गोल), ॲलन की (सहाकोनी खाचेत बसणारी), एक पक्कड आणि दोन-तीन चांगले स्क्रू ड्रायव्हर पुरतात. चाकाच्या नटांसाठी अर्धा इंच ड्राइव्हचा लांब दांडा वेगळा घ्यावा. एवढंच, पण उत्तम दर्जाचं.

सहाकोनीचा आग्रह का, ते सांगतो. बाराकोनी गोटी बोल्टला कोपऱ्याजवळ, अगदी कमी जागेत धरते. सहाकोनी गोटीला बाजूच्या सपाट भागावर जास्त पकड मिळते. हे मी वाचून नाही, हात पोळून शिकलो. ब्रेक पॅड बदलताना कॅलिपरचा (ब्रेक पॅड दाबणाऱ्या भागाचा) १४ चा बोल्ट गंजलेला होता. पेटीतली बाराकोनी गोटी लावली, दोन्ही हातांनी ओढलं आणि ‘कट्’ असा आवाज आला. वाटलं सुटला. गोटी काढून बघितली तर सगळे कोपरे मेण खरवडावं तसे निघाले होते. शेवटी १३ ची सहाकोनी गोटी हातोडीने त्या गोल डोक्यावर ठोकून बसवली, तेव्हा कुठे तो बोल्ट निघाला. पंधरा मिनिटांच्या कामात अख्खी दुपार गेली.

गोटीपाना

बाराकोनीबद्दल सहमत. मूळ सल्ल्याबद्दल मात्र अजिबात नाही.

तुम्हाला कुठली मापं लागतात हे आज माहीत आहे, कारण तुम्ही बरीच वर्षं हे काम करताय. नवशिक्याने ते कसं ओळखायचं? गाडीच्या पुस्तिकेत तेल किती लिटर लागतं ते असतं, कुठल्या बोल्टचं डोकं किती मिमी आहे ते बहुतेक वेळा नसतं. जपानी बनावटीच्या गाडीत ८, १०, १२, १४, १७ यांवर बरंचसं काम निघतं. जर्मन गाडी असेल तर १३, १६, १८ लागतात, टॉर्क्सचे (ताऱ्याच्या आकाराच्या खाचेचे) स्क्रू भेटतात आणि अनेक युरोपीय गाड्यांमध्ये कॅलिपरच्या पिनेला ७ ची ॲलन की लागते. ती ७ ची की साध्या ॲलन संचात बहुधा नसतेच, ६ नंतर थेट ८ येते.

आता चित्र डोळ्यांसमोर आणा. चाक काढलंय, गाडी स्टँडवर आहे, एक पिन निघाली नाही आणि ते एक माप घरात नाही. गाडी तशीच ठेवून पाना आणायला जायचं कशाने? भरलेली पेटी हे त्या वेळेचं उत्तर आहे.

पेटीचा आणखी एक फायदा मला फार मोठा वाटतो. काम संपल्यावर एक खाच रिकामी दिसली की लगेच कळतं, १० ची गोटी इंजिनाच्या आसपास कुठेतरी राहिलीय. सुट्या पान्यांच्या डब्यात हे कळतच नाही.

चौथा गिअर

खाचेचा मुद्दा मान्य. मीही आता सुट्या गोट्या पट्टीवर क्रमाने लावून ठेवतो. पण ७ च्या कीचं तुमचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. शंभर नगांच्या किती पेट्यांमध्ये कॅलिपरच्या पिनेपर्यंत पोहोचेल अशी ७ ची लांब की सापडेल? पेटी सगळ्यांसाठी बनवलेली असते, म्हणून तुमच्या गाडीला लागणारी एखादी वस्तू नेमकी नसते आणि नको त्या पन्नास असतात. काम सुरू करण्याआधी चाक न काढता वाकून बघा, बोल्टवर गोटी लावून माप घ्या, मगच सोडायला लागा.

सुटी गोटी, सुटे दांडे ही कल्पनाच मुळी मोजक्या वस्तूंत काम भागवण्यासाठी आली. १९२० मध्ये स्नॅप-ऑनची सुरुवात झाली ती ५ दांडे आणि त्यांवर अदलून-बदलून बसणाऱ्या १० गोट्या घेऊन. पाच दांडे पन्नास पान्यांचं काम करतात, असं ते सांगत.

मोजपट्टी

तुम्ही दोघं बोल्ट सोडण्याबद्दलच बोलताय. माझ्या मते घरच्या माणसाचं जास्त नुकसान आवळताना होतं. दोघांच्याही यादीत टॉर्क रेंच, म्हणजे ठरवलेला जोर लागला की क्लिक असा आवाज करणारा पाना, नाही.

स्पार्क प्लग इंजिनाच्या वरच्या ॲल्युमिनियमच्या भागात, म्हणजे हेडमध्ये बसतो. १४ मिमी आट्यांच्या प्लगला साधारण २० ते ३० न्यूटन मीटर (आवळण्याच्या जोराचं माप) एवढंच लागतं. लांब दांड्याने हे सहज दुप्पट होतं आणि आटे गेले की दुरुस्ती हेडची. चाकाच्या नटांना बऱ्याच गाड्यांत १०० ते १२० च्या आसपास सांगितलेलं असतं. अनेकजण पाइप लावून त्यावर उभे राहतात. ७० किलोचा माणूस ६० सेंटिमीटर लांबीच्या टोकावर उभा राहिला तर ४०० न्यूटन मीटरच्या वर जातो! स्टड (ज्यावर नट बसतो तो आट्यांचा दांडा) ताणला जातो आणि पुढच्या वेळी रस्त्यात पंक्चर झालं की तो नट सुटत नाही. घरातल्या वृद्ध माणसाला तो सोडायची वेळ आली तर?

वंगण

टॉर्क रेंच चांगली वस्तू आहे, पण नवशिक्याच्या हाती पहिल्या दिवशी देऊ नये असं मला मनापासून वाटतं. मी पाहिलंय, लोक क्लिकची वाट बघत राहतात. अर्धा इंचाचा मोठा रेंच ४० ते २०० न्यूटन मीटरचा असतो. त्यावर २५ चा प्लग आवळायला घेतला की तो क्लिक होणारच नाही, आणि माणूस ओढत राहतो. हाताला आधी कळायला हवं की नट बसतो म्हणजे काय होतं. प्लग बोटांनी फिरवत शेवटपर्यंत न्यावा, बोटांनी जात नसेल तर आटे वाकडे लागलेत, तिथेच थांबावं. नवा गॅस्केटवाला (वॉशर असलेला) प्लग टेकल्यावर अर्धा ते दोन तृतीयांश फेरा, बहुतेकांच्या खोक्यावर हेच छापलेलं असतं.

मोजपट्टी

तुमचा हात तीस वर्षांचा आहे, म्हणून त्याला कळतं. ज्याने आयुष्यात चार नट आवळलेत त्याच्या हाताला काय कळणार? २५ साठी मोठा रेंच वापरू नये हे खरंच, म्हणून छोट्या कामांना ३/८ चा वेगळा घ्यावा. तो परवडत नसेल तर प्लगसाठी तुमची फेऱ्याची रीत बरोबर आहे, पण चाकांसाठी मोठा रेंच हवाच. काम झालं की स्प्रिंग सैल करून, सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून ठेवायचा आणि त्याने नट कधीही सोडायचा नाही.

शनिवारची फेरी

मी सहा वर्षांपासून माझ्या गाडीचं तेल, पॅड, प्लग स्वतः बदलते. दोन गोष्टी सांगते, ज्या वर कोणी नीट लिहिल्या नाहीत.

पहिली, पान्यांआधी जॅक स्टँडची (उचललेली गाडी टेकवून ठेवायच्या आधारांची) जोडी घ्या. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोकं घालायचं नाही. दहा सेकंदांसाठीसुद्धा नाही. यावर मला वादच नको.

दुसरी, पेटी की सुटे हे ठरवण्याआधी रॅचेट हातात घेऊन बघा. ७२ दातांचा रॅचेट ५ अंशांत पुढचा दात धरतो, ३६ दातांचा १० अंशांत. फायरवॉल (इंजिन आणि केबिनच्या मधली भिंत) आणि इंजिनाच्या मधे हात घातलात की हा फरक कळतो, कारण तिथे दांडा हलायला तेवढीच जागा असते. पण दातांपेक्षाही मी एक परीक्षा करते: गोटी दोन बोटांत हलकीच धरायची आणि दांडा उलट फिरवायचा. दांड्याबरोबर गोटीही उलट फिरायला लागली तर रॅचेट जड आहे. असा रॅचेट नट पुढे नेतो आणि परतताना तोच नट मागे आणतो. अडचणीच्या जागी, जिथे नट नुसता दोन आट्यांवर लागलेला असतो, तिथे यासारखा छळ नाही. आणि गंजलेला बोल्ट रॅचेटने फोडू नका. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारा, सकाळी लांब दांड्याने फोडा, मग रॅचेट.

गोटीपाना

रॅचेटची ही परीक्षा मी आज घरी करून पाहिली. माझ्या पेटीतला अर्धा इंचाचा पास झाला, पाव इंचाचा झाला नाही. तरीही नवशिक्याला मी पेटीच सुचवेन, फक्त मध्यम: चाळीस-पन्नास नग, सगळ्या गोट्या सहाकोनी, सगळं मिलिमीटरमध्ये आणि माप कोरलेलं. छापलेलं माप तेलकट हातांनी वर्षभरात पुसलं जातं.

चौथा गिअर

मधे थोडं काम होतं, उत्तर उशिरा देतोय. जॅक स्टँड माझ्या यादीत नव्हते, ती चूकच. ते सगळ्यात वर घेतले. टॉर्क रेंचही घेतला, चाकांसाठी. चाळीस नगांच्या सहाकोनी, मिलिमीटरच्या पेटीला माझी हरकत नाही, माझा राग दीडशेच्या पेटीवर आहे आणि तो कायम आहे.

त्या दोघांपैकी एकाची बॅटरी आज आम्ही मिळून बदलली. १० चा एकच पाना लागला. आधी ऋण टोक सोडलं, मग धन, आणि बसवताना उलट. हे का, असं त्याने विचारलं. ऋण टोक बॉडीला जोडलेलं असतं, त्यामुळे धन टोकाचा नट आधी सोडायला घेतला आणि पाना बॉडीला टेकला तर थेट शॉर्ट, ठिणगी उडते, पाना चिकटून बसू शकतो. ऋण आधी काढलं की बॉडीला टेकलं तरी काही होत नाही. त्याने पाना हातात घेऊन दोनदा तो क्रम कोरडाच करून बघितला आणि मग नट सोडला. पुढच्या महिन्यात त्याला पॅड बदलायचेत. त्याची गाडी युरोपीय आहे, त्यामुळे गोटीपाना, तुम्ही ७ ची लांब की कुठल्या प्रकारची घ्यावी, बिट की गोटी, हे जरा सविस्तर लिहा.