रिलोड केलेली .३०८ केस रायफलच्या चेंबरमध्ये घट्ट जातेय

प्रश्न: इथे कोलोरॅडोत एल्कच्या (मोठ्या हरणाच्या) शिकारीचा सीझन तोंडावर आलाय आणि माझ्या बोल्ट-अ‍ॅक्शन .३०८ विंचेस्टर रायफलमध्ये रिलोड केलेल्या (वापरलेल्या पितळी केसमध्ये पुन्हा भरलेल्या) राउंडवर बोल्ट बंद करायला जोर लागतोय. फॅक्टरीचा राउंड मात्र लोण्यासारखा जातो. केसेस रेंजवरून उचललेल्या. फुल-लेंग्थ डायमधून (अख्खी केस दाबून मापाला आणणाऱ्या साच्यातून) काढल्या, २.००५ इंचांवर ट्रिम केल्या. बुलेट आणखी आत बसवली, तरी ढिम्म.

उत्तर: बुलेट सोडा. साइझ केलेली रिकामी केस, प्रायमरसुद्धा (बुडातली ठिणगीची टोपी) नको, घालून बघा. बोल्टमधली फायरिंग पिन आणि इजेक्टर (केस बाहेर फेकणारा) काढलात तर बोटाला खरी अडचण कळते. तीही अडली तर केसला काळा मार्कर फासा. खांद्यावरची (केस मानेकडे निमुळती होते तिथली) शाई घासली तर डायमध्ये खांदा पुरेसा मागे गेलेला नाही. बुडाशी, रिमच्या जरा वर घासली तर केस दुसऱ्या कुणाच्या ऐसपैस चेंबरमध्ये फुगलीय. भरलेले राउंड घरात चेंबर करू नका, प्लीज.

उत्तर: प्रेसचा रॅम (केस डायमध्ये ढकलणारा दांडा) वर असताना डाय आणि शेलहोल्डरमध्ये (केसचं बूड धरणाऱ्या तुकड्यात) उजेड, म्हणजे फट, दिसते का? केस आत ठेवून बघा, रिकामा प्रेस फसवतो. खांदा .००२ इंच मागे, बास. हावरटपणे ढकललात तर केस बुडाशी फाटेल.

प्रश्नकर्ता: उजेड नाही. शाई बुडाशीच गेलीय, पितळ चकाकतंय.

उत्तर: मग स्मॉल-बेस डाय (बुडाशी जास्त आवळणारा) घ्या. नाहीतर त्या केसेस भंगारात. एल्कसमोर बोल्टशी कुस्ती कशाला?