सुट्टीत दवाखाना बंद असला तर
डॉक्टर सुट्टीवर असले की सरळ कॅज्युअल्टी (रुग्णालयाचा तातडीचा विभाग) गाठावी, हे मला सरसकट पटत नाही. तिथे नंबर आजाराच्या गांभीर्यावर लागतो, त्यामुळे साध्या सर्दी-तापाला तासन्‌तास ताटकळावं लागतं. त्यापेक्षा फोनवर सल्ला घेतलेला बरा. पण छातीत दाब, अचानक तोंड वाकडं होणं, हात लुळा पडणं, जीभ अडखळणं, यात घरी आलेले पाहुणे जायची वाट अजिबात बघू नका, लगेच अँब्युलन्स बोलवा. पक्षाघातात मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण पहिल्या ४.५ तासांतच देतात, म्हणून त्रास सुरू झाल्याची वेळ लिहून ठेवा. माणूस झोपेतून तसाच उठला असेल, तर शेवटचा धडधाकट कधी दिसला ते सांगा. आणि हो, बीपी-शुगरच्या गोळ्या सुट्टीआधीच भरून ठेवा; प्रिस्क्रिप्शनचा फोटो मोबाईलमध्ये असला की नवख्या डॉक्टरांचं काम सोपं होतं.